राय कूडर यांचा वाद्यसंच: काय घ्यावे, काय सोडून द्यावे

अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांची जी विद्युत गिटार ‘कूडरकास्टर’ या नावाने ओळखली जाते, ती मुळात तीन वेगवेगळ्या वाद्यांची गोधडी आहे. तिचा सांगाडा १९६०च्या दशकातल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा आहे. मानेकडचा पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, टायस्को या जपानी कंपनीच्या स्वस्त गिटारीतून काढलेला आहे, आणि ब्रिजजवळचा (तारांचे खालचे टोक जिथे टेकते तिथला) पिकअप शिकागोच्या व्हॅल्को कंपनीने ‘सुप्रो’ या छापाखाली विकलेल्या, मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारीतला आहे. यातल्या फेंडरला तेव्हाही प्रतिष्ठा होती. उरलेल्या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी लोकांसाठी बनवलेल्या, डिपार्टमेंट स्टोअरच्या मालाच्या जातकुळीतल्या होत्या. अडीच वर्षांपूर्वी मी याच नमुन्याची एक गिटार पुण्यात जुळवून घेतली. ती घरी, मित्रांच्या बैठकींत आणि पाच-सहा लहान कार्यक्रमांत वाजवून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. परीक्षण त्या एका गिटारीचे आहेच, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या कूडर यांच्या साऱ्या सरंजामाचेही आहे, कारण तो सरंजाम लक्षात घेतल्याशिवाय ही गिटार घेणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

कूडर यांचा जन्म १९४७ सालचा, लॉस एंजेलिसचा. चौथ्या वर्षी अपघाताने त्यांचा डावा डोळा गेला. विशीच्या आतच ते ताजमहाल या गायकाबरोबर ‘रायझिंग सन्स’ नावाच्या बँडमध्ये वाजवत होते, आणि २०२२ साली त्याच ताजमहाल यांच्याबरोबर त्यांनी जुन्या ब्लूज गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली, जिला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. मधल्या साडेपाच दशकांत त्यांनी हवाई बेटांवरचे, टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचे, क्यूबातले आणि पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे संगीत त्या त्या ठिकाणच्या वादकांबरोबर बसून वाजवले. साहजिकच त्यांच्याभोवती वाद्यांचा मोठा पसारा जमत गेला. मात्र या पसाऱ्याला संग्रह म्हणताना माझी लेखणी अडखळते. संग्राहक वाद्य जसेच्या तसे जपतो, त्याचा मूळ स्क्रूसुद्धा बदलू देत नाही. कूडर यांनी साठच्या दशकातली स्ट्रॅटोकास्टर, जिची आज मूळ स्थितीत भरभक्कम किंमत येते, कोरून तिच्यात दुसऱ्याच वाद्यांचे अवयव बसवले. त्यांना वस्तू नको होती, एक विशिष्ट आवाज हवा होता, आणि त्या आवाजाच्या वाटेत जी वस्तू आली तिच्यावर त्यांनी निर्धास्तपणे करवत चालवली.

तो आवाज काचेच्या नळीचा आहे. डाव्या हाताच्या करंगळीत बाटलीच्या मानेचा तुकडा घालून तो तारांवरून सरकवत वाजवण्याची, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेली ‘बॉटलनेक’ पद्धत हे कूडर यांचे मुख्य क्षेत्र. विम वेंडर्स यांच्या ‘पॅरिस, टेक्सास’ (१९८४) या चित्रपटाचे संगीत ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा आवाज वेगळा समजावून सांगायला नको. ब्लाइंड विली जॉन्सन यांच्या १९२७ सालच्या एका ध्वनिमुद्रणावर आधारलेली ती सुरावट आहे, आणि तिच्यात दोन स्वरांमधल्या शांततेला स्वरांइतकेच वजन आहे. आपल्याकडच्या श्रोत्याला ही गोष्ट चटकन पटते, कारण मींड म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता मींड घ्यायची तर आघातानंतर स्वर टिकला पाहिजे, हळू छेडलेला आणि जोरात छेडलेला यांतला फरक शाबूत राहिला पाहिजे, आणि काच तारेला टेकताना होणारी बारीकशी खरखर ऐकू येऊनही खटकता कामा नये. कूडर यांच्या साहित्यातली जवळजवळ प्रत्येक निवड या तीन अटींकडे बोट दाखवते.

मानेकडच्या पिकअपपासून सुरुवात करतो, कारण साऱ्या गिटारीत मला सर्वांत समाधान त्यानेच दिले आहे. टायस्को ही टोकियोत दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालेली कंपनी. साठच्या दशकात तिच्या गिटारी अमेरिकेत निरनिराळ्या छापांखाली अतिशय स्वस्तात विकल्या जात. त्यांतल्या एका प्रकारच्या पिकअपच्या धातूच्या झाकणाला खिडक्या असतात आणि त्यांतून आतला सोनेरी चकचकीत पत्रा दिसतो, म्हणून त्याला ‘गोल्ड फॉइल’ म्हणतात. सोनेरी पत्र्याचा आवाजाशी काही संबंध नाही. तो निव्वळ शोभेचा आहे. आवाजाशी संबंध आहे तो आत आडव्या ठेवलेल्या, रबरासारख्या मऊ फेराइटच्या चुंबकाचा आणि बसक्या, रुंद वेटोळ्याचा. हा चुंबक जोरकस नसल्यामुळे तारेला खाली खेचत नाही आणि तार आपल्या लयीत मोकळेपणाने थरथरत राहते. शिवाय जुन्या पिकअपची वेटोळी मेणात बुडवून घट्ट केलेली नसत, त्यामुळे ती तारेच्या कंपनाबरोबरच लाकडाचा ठोका, नखाचा घासा, काचेची टिचकी हेही थोडेफार उचलतात. अभियंत्याच्या नजरेने हा दोष आहे. बॉटलनेक वाजवणाऱ्याच्या कानाला मात्र त्यात अकूस्टिक वाद्याचा भास मिळतो, आणि विजेवरच्या गिटारीत तो दुर्मीळ असतो.

माझ्या गिटारीत बसवलेला पिकअप अर्थातच जुना नाही; आजच्या एका कारागिराने जुन्या नमुन्यावरून बनवलेला आहे. पहिल्या दिवशी तो जोडून अॅम्प्लिफायर सुरू केला तेव्हा माझी किंचित निराशाच झाली, कारण आवाज दबका आणि सपाट वाटला. दोन दिवसांनी लक्षात आले की वर्षानुवर्षे जोरकस पिकअपची सवय झाल्याने मी प्रत्येक स्वर सारख्याच ताकदीने ओढत होतो. उजवा हात हलका केला, नखांऐवजी बोटांची मऊ बाजू वापरली, आणि तोच पिकअप बोलायला लागला. आता अंगठ्याने खर्जाची तार हळू छेडली की ती घुमते आणि पाठोपाठ वरची तार जरा झटक्याने ओढली की ती धारदार वाजते, आणि या दोहोंसाठी मला कुठलेही बटण फिरवावे लागत नाही. तक्रार एकच आहे, पण ती खरी आहे. आवाज बराच वाढवला की हा पिकअप शिट्टी मारू लागतो. एका लहान सभागृहात, जिथे अॅम्प्लिफायर माझ्यापासून चार फुटांवर होता, पहिल्या गाण्याच्या मध्यावरच मला मागे सरकावे लागले. ज्यांना ढोल-ताशाइतक्या मोठ्या आवाजाच्या ड्रम्सबरोबर वाजवायचे आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, किंवा निदान मेणात बुडवलेला प्रकार मागवावा, मग त्यात थोडा जिवंतपणा गमवावा लागला तरी चालेल.

विकत घेणाऱ्यांसाठी इथे एक खबरदारीची सूचना करणे भाग आहे. ‘गोल्ड फॉइल’ हे नाव दोन अगदी वेगळ्या वंशांच्या पिकअपना लावले जाते. एक टायस्कोचा जपानी, आणि दुसरा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी डीआर्मंड नावाने बनलेला, जो मुख्यतः हार्मनी कंपनीच्या गिटारींत बसवला जाई. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ वाटतात, आवाजाने नाहीत. त्यातच अलीकडे मोठ्या कंपन्यांनीही सोनेरी झाकणाचे पिकअप आपल्या नव्या गिटारींत घालायला सुरुवात केली आहे, आणि त्यांतल्या काहींच्या झाकणाखाली नेहमीच्या घाटणीचाच मसाला असतो. झाकणावर न जाता आत कोणता चुंबक आहे हे विचारून घ्यावे, आणि विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत. मी स्वतः पहिल्या खेपेला याच चुकीत सापडलो. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘जपानी पद्धतीचा’ म्हणून पाठवलेला पिकअप उघडून पाहिला तेव्हा सोनेरी पत्र्याखाली सर्वसाधारण स्वस्त सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) निघाली, आणि परत पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त असल्याने ती आजही माझ्या खणात पडून आहे. चांगल्या कारागिराचा नवा पिकअप शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान मिळतो. त्यावर टपाल आणि सीमाशुल्क यांचा भुर्दंड धरावा लागतो.

ब्रिजजवळच्या पिकअपबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही, आणि हे लिहिताना कूडर यांच्या चाहत्यांचा रोष ओढवतो याची मला कल्पना आहे. नेहमीच्या पिकअपवरून तारा जातात. व्हॅल्कोच्या या पिकअपच्या पोटातून जातात. तारा बसवताना प्रत्येक तार सुईत दोरा ओवावा तशी त्यातून ओवावी लागते. व्हॅल्को कंपनी १९४०च्या दशकात व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा या तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून उभी राहिली आणि १९६८ साली बंद पडली. त्यामुळे मूळ पिकअप हवा असेल तर एखादी जुनी सुप्रो स्टील गिटार मोडावी लागते, आणि तसे अनेकांनी केल्यामुळे बिचाऱ्या चांगल्या वाजणाऱ्या स्टील गिटारी नाहीशा होत आहेत. सुदैवाने अमेरिकेतल्या जेसन लोलार यांच्यासारख्या कारागिरांनी त्याची नवी आवृत्ती काढली आहे, तेव्हा कुणाचे वाद्य मोडण्याचे पाप करायची गरज उरलेली नाही.

या पिकअपचा आवाज अपूर्व आहे यात वाद नाही. ब्रिजजवळचा पिकअप म्हटले की जो कर्कश, पातळ आवाज अपेक्षित असतो त्याऐवजी इथे भरदार, खणखणीत, तोंड उघडून गाणाऱ्या माणसासारखा आवाज येतो, आणि काचेने घेतलेला वरचा षड्ज त्यावर असा काही उभा राहतो की दोन-तीन दिवस मी दुसरे काहीच वाजवले नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. पहिली गोष्ट म्हणजे तो बसवण्यासाठी गिटारीचे लाकूड खोलवर कोरावे लागते आणि पिकगार्ड (गिटारीच्या तोंडावरचा प्लास्टिकचा पत्रा) कापावे लागते, म्हणजे परतीचा रस्ता बंद होतो. दुसरी म्हणजे तो नेमका तिथे येतो जिथे उजव्या हाताचा तळवा टेकवून आपण तारा दाबतो. त्याच्या धातूच्या चौकटीमुळे तळव्याला जागाच राहत नाही, आणि तळव्याने स्वर आखूड करण्याची सवय ज्यांच्या अंगात मुरली आहे त्यांचा अर्धा हात बांधल्यासारखा होतो. तिसरी म्हणजे तार तुटली तर ऐन कार्यक्रमात नवी तार ओवणे हे काम, वयाची पन्नाशी उलटलेल्या माझ्या डोळ्यांना, मंचावरच्या प्रकाशात जमत नाही. चौथी आपल्या इथली: हा पिकअप विजेची गुणगुण फार उचलतो, आणि जुन्या इमारतींमध्ये जिथे अर्थिंग नावापुरतेच असते तिथे ५० हर्ट्झचा तो एकसुरी घुमारा गाण्याच्या विरामांत ठळक ऐकू येतो. त्या घुमाऱ्याच्या पट्टीला गिटार लावून वाजवावी, असे एका मित्राने सुचवून पाहिले. हिशेबाने तो स्वर पाश्चात्त्यांच्या जी आणि जी शार्प यांच्या मधोमध कुठेतरी पडतो, तेव्हा तोही मार्ग बंदच.

दोन्ही पिकअप एकत्र चालू केल्यावर मिळणारा आवाज हा कूडरकास्टरचा सर्वांत गोड भाग मानला जातो. मला तो आवडतो, पण दोन्हींची ताकद सारखी नसल्याने समतोल साधायला पिकअपची उंची पुनःपुन्हा बदलावी लागते, आणि माझ्या कारागिराने, जो मुळात सतारी-तंबोऱ्यांच्या घरातला आहे, ती एकदा जवारी लावताना जशी कानाने लावतात तशी बसवून दिल्यावर मी तिला पुन्हा हात लावलेला नाही.

आता तारा आणि त्या लावण्याची पद्धत. इथे पैसे अगदी थोडे लागतात आणि फरक सर्वांत मोठा पडतो. कूडर जाड तारा वापरतात, आणि गिटार नेहमीच्या पद्धतीने न लावता मोकळ्या तारांतूनच पूर्ण मेळ निघेल अशी लावतात. त्यांच्या दोन आवडत्या पद्धती मराठी वाचकाला पाश्चात्त्य अक्षरांपेक्षा सरगमीत अधिक लवकर कळतील. ‘ओपन डी’मध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा प सा ग प सा अशी रचना होते, आणि ‘ओपन जी’मध्ये प सा प सा ग प अशी. म्हणजे तंबोऱ्यात गांधाराची भर घालून तो सहा तारांवर पसरला असे समजावे. दोन्हींत एकही तार चढवावी लागत नाही, काही तारा उतरवाव्या लागतात. आणि म्हणूनच बारीक तारा इथे कुचकामी ठरतात, कारण उतरवल्यावर त्या इतक्या सैल होतात की काच टेकताच फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) आपटतात. मी १३ ते ५६ मापाचा, तिसरी तार गुंडाळलेली असा संच वापरतो, आणि नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) तारा किंचित उंच करून घेतल्या आहेत.

गांधाराबद्दल एक निरीक्षण नोंदवतो, कारण ते मला कुठल्या पाश्चात्त्य परीक्षणात सापडले नव्हते आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ते पहिल्याच दिवशी जाणवते. इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर बघून ‘ओपन डी’ लावली की तिसऱ्या तारेचा गांधार चढा लागतो. चूक ट्यूनरची नाही. समान अंतराच्या सप्तकातला गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढाच असतो. तिसरी तार कानाने जराशी उतरवली की सगळी गिटार एकदम शांत होते, आणि गोल्ड फॉइलसारखा पारदर्शक पिकअप असेल तर ती शांतता अॅम्प्लिफायरमधूनही ऐकू येते. फ्रेटवर बोटे दाबून वाजवणाऱ्याला ही चैन परवडत नाही, कारण पुढच्या फ्रेटवर हिशेब बिघडतो. काच मात्र फ्रेटची बांधील नसते; ती कानाला हवी तिथे थांबते. कूडर यांच्या वादनात जो निवांत गोडवा आहे त्याचा बराचसा भाग मला इथे दडलेला वाटतो.

काचेच्या नळीवर खर्च करू नये, हे माझे ठाम मत आहे. बाजारात डझनभर छापांच्या नळ्या मिळतात आणि त्यांतल्या काही उत्तम आहेत, पण मूळ पद्धत रिकाम्या बाटलीची मान कापून घेण्याची आहे, आणि तशी केलेली नळी आपल्या करंगळीच्या मापाची असते. रमच्या बऱ्याच बाटल्यांची मान मला निमुळती आढळली, आणि अशी नळी सगळ्या तारांवर सारखी टेकत नाही. गोव्याहून आणलेल्या पोर्ट वाइनच्या एका बाटलीची मान सरळ आणि जाड काचेची निघाली, आणि ती कापून, कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर तासभर घासून केलेली नळी मी आजतागायत वापरतो. घासताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि काचेची भुकटी ओली असतानाच पुसून काढावी. काच सरकवताना तिच्या मागे राहणाऱ्या तारेच्या भागावर तर्जनी अलगद टेकवून ठेवावी लागते, नाहीतर तो भाग वेगळाच भेसूर स्वर काढतो. ही सवय लागायला मला दोन महिने लागले.

अॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात. कूडर यांच्या नावाबरोबर हॉवर्ड अलेक्झांडर डंबल यांचे नाव घेतले जाते. कॅलिफोर्नियातल्या या एकांड्या कारागिराने मोजक्या वादकांसाठी हाताने अॅम्प्लिफायर बांधले, आणि आपली रचना कुणी नक्कल करू नये म्हणून आतल्या भागांवर राळ ओतून ठेवली. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचा एखादा अॅम्प्लिफायर विक्रीला आला तर एक लाख डॉलरच्या वर बोली जाते, तेव्हा त्याचे परीक्षण लिहिण्याचा आव मी आणणार नाही. त्यामागचे तत्त्व मात्र आपल्या उपयोगाचे आहे. मंद पिकअप, हलका हात आणि जोरात छेडल्यावर अचानक उसळणारा स्वर हे सगळे जसेच्या तसे पोचवायचे तर अॅम्प्लिफायरकडे ताकदीची भरपूर शिल्लक असावी लागते. त्याचा आवाज लवकर फाटत असेल तर हळू आणि जोरात यांतला फरक पुसला जातो आणि मग मंद पिकअप घेण्याला अर्थच राहत नाही. आपल्याकडे ध्वनियंत्रणा भाड्याने देणाऱ्यांकडे सहज मिळणारा रोलंडचा १२० वॉटचा जॅझ कोरस, ज्याला रॉक वाजवणारी मंडळी कोरडा म्हणून नाके मुरडतात, तो या गिटारीला अनपेक्षितपणे मानवतो. फक्त त्याचे ‘ब्राइट’ बटण बंद ठेवावे.

ध्वनिमुद्रणाच्या साधनांकडेही कूडर यांचे लक्ष किती बारीक होते हे दोन टोकांवरून दिसते. १९७९ साली त्यांनी ‘बॉप टिल यू ड्रॉप’ ही ध्वनिमुद्रिका थ्रीएम कंपनीच्या नव्या डिजिटल यंत्रावर केली. मोठ्या कंपनीने काढलेल्या लोकप्रिय संगीतात अशी ती पहिली मानली जाते. तिचा आवाज पुढे खुद्द त्यांनाच रुचला नाही. याउलट सप्टेंबर १९९२ मध्ये सांता बार्बरा येथल्या एका जुन्या सेमिनरीच्या चॅपलमध्ये, ध्वनिमुद्रक कविचंद्रन अलेक्झांडर यांनी टिम डी पाराविचिनी यांनी घडवलेल्या व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनांवर साध्या फितीवर टिपलेले ध्वनिमुद्रण घ्या. त्यात कूडर यांच्यासमोर बसले होते जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट, आपली वीस तारांची मोहनवीणा मांडीवर घेऊन. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते, आणि कूडर यांचा चौदा वर्षांचा मुलगा जोआकिम डुंबेक हे हाताने वाजवायचे तालवाद्य वाजवत होता. दोघे वादक ध्वनिमुद्रणाच्या थोडाच वेळ आधी पहिल्यांदा भेटले होते. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने १९९३ साली आलेल्या त्या ध्वनिमुद्रिकेला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले.

या परीक्षणाच्या दृष्टीने त्या मैफलीचे महत्त्व असे, की तिच्यात कूडरकास्टर नाही, डंबल नाही, सोनेरी झाकण नाही. एक अकूस्टिक गिटार आणि करंगळीतली काच एवढ्यावर भागले आहे. दोन वाद्यांचा फरक तिथे स्वच्छ ऐकू येतो. भट्ट यांच्या हातात पोलादी कांब आहे, वाद्य आडवे आहे, तेरा-चौदा मात्रांवर पसरणारी मींड ते एका ओढीत घेतात आणि खालच्या बारा तरफा तिच्या मागे दरवळत राहतात. कूडर यांची गिटार उभी आहे, तिला तरफा नाहीत, काच लहान आहे. ते आखूड वाक्ये बोलतात आणि थांबतात. माझ्या गिटारीवर भट्ट यांची मींड घेण्याचा मोह मला अनेकदा झाला आणि प्रत्येक वेळी ती अर्ध्यावर दम तोडते. हा पिकअपचा दोष नव्हे. उभ्या धरलेल्या गिटारीवर काचेच्या छोट्या तुकड्याचे वजनच तेवढे नसते. ज्यांना राग वाजवायचा आहे त्यांनी कूडरकास्टरच्या नादी न लागता मांडीवरचे वाद्यच घ्यावे.

बाकीच्या पसाऱ्यावरून मी भरभर पुढे जातो. टेक्सास-मेक्सिकोच्या सीमेवरचा बारा तारांचा, जाड खर्जाचा बाहो सेक्स्तो. हवाईतल्या गॅबी पहिनुई यांच्या बँडमध्ये त्यांनी वाजवलेले टिप्ले (गिटारीसारखे छोटे वाद्य) आणि मॅंडोलिन. १९९६ साली हवानातल्या ध्वनिमुद्रणात घेतलेला ऊद हे अरबी तंतुवाद्य. ही सगळी वाद्ये त्यांनी त्या त्या परंपरेच्या वादकांशेजारी बसून हाताळली, आणि ती आपल्या भिंतीवर टांगण्यासाठी मागवण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. त्यांचे मित्र आणि दौऱ्यांतले सहकारी डेव्हिड लिंडली, जे २०२३ मध्ये गेले, त्यांच्याकडची लॉस एंजेलिसच्या हर्मान वाइसेनबोर्न यांची पोकळ मानेची गिटार मात्र वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे मांडीवर वाजवणाऱ्यांनी तिच्या नव्या नकला जरूर वाजवून बघाव्यात, कारण पोकळ मानेमुळे तिचा खर्ज एवढ्याशा पोटाच्या मानाने फार मोठा लागतो.

तर हिशेब असा. मानेकडचा गोल्ड फॉइल पिकअप, जाड तारा, उंच नट आणि बाटलीची मान एवढ्यावर, एखाद्या साध्या, आधीच घरात असलेल्या स्ट्रॅट घाटाच्या गिटारीवर, कूडर यांच्या आवाजाचा मोठा भाग पदरात पडतो, आणि यातले काहीही लाकूड फारसे न कोरता करता येते. या भागाला मी निःशंकपणे शिफारस देतो. ब्रिजजवळचा सुप्रो नमुन्याचा पिकअप फक्त त्यांनी घ्यावा जे त्या गिटारीवर काचेशिवाय काही वाजवणारच नाहीत. मी तसा नाही, हे मला कोरीवकाम झाल्यानंतर कळले. गेल्या महिन्यात तो काढून मी कारागिराकडे दिला आहे. माझ्या वडिलांची कोलकात्याला बनलेली, मान वाकल्यामुळे फ्रेटवर वाजवण्याच्या कामातून गेलेली हवाईयन गिटार माळ्यावर होती, तिच्यात तो बसेल. तिच्यावर तळवा टेकवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तारा ओवायला माझ्याकडे घरी वेळच वेळ आहे. स्ट्रॅटच्या पोटातल्या रिकाम्या खड्ड्यावर सध्या पिकगार्डचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला आहे.